उरीयाच्या हाती दावीदाचे स्तोत्र : सैनिकांच्या पाळकीय समुपदेशनासंबंधी दोन ग्रंथांचे परीक्षण

महाराष्ट्राबाहेर ज्या गावी मराठी भाषिक ख्रिस्ती मंडळ्या दीर्घकाळ नांदत आल्या आहेत, त्यांपैकी अनेक गावे लष्करी छावण्यांचीही आहेत. बेळगाव, इंदूरनजीकचे महू, ग्वाल्हेरजवळचे मुरार, हैदराबादला लागून असलेले सिकंदराबाद ही नावे त्यासाठी पुरेशी आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची उभारणी झाली तीही बेळगावातच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १८९१ मध्ये महू येथे जन्मले, ते त्यांचे वडील सैन्यात नोकरीस होते म्हणून. सैनिक, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे ही आपल्या पाळकांच्या व धर्मशिक्षकांच्या दृष्टीने दूरची माणसे नव्हेत. ती शेजारच्या आळीत राहतात, आणि काही जण रविवारी आपल्याच बाकांवर बसतात. तथापि पाळकीय समुपदेशनाच्या अभ्यासात विवाह, व्यसन, आजार व मृत्यूशोक या विषयांना जे स्थान मिळते, ते सैनिकाच्या मनोव्यथेला सहसा मिळत नाही. ही उणीव भरून काढू पाहणारा अभ्यासक आज बहुधा अमेरिकन वाङ्मयाकडे वळतो, आणि त्या वाङ्मयाच्या मुळाशी डॉ. जोनाथन शे यांचे दोन ग्रंथ आहेत. 'अकिलीज इन व्हिएटनाम' हा १९९४ मध्ये, तर 'ओडिसियस इन अमेरिका' हा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ आपल्या सेवेस कोठवर उपयोगी आहेत आणि कोठे त्यांना प्रश्न विचारले पाहिजेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

डॉ. शे हे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. बॉस्टन येथील माजी सैनिकांच्या शासकीय दवाखान्यात व्हिएटनाम युद्धातून परतलेल्यांवर ते अनेक वर्षे उपचार करीत होते. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव-विकृती या व्याधीला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. या नावातील 'विकृती' हा शब्द डॉ. शे यांना मान्य नाही. हातपाय गमावलेल्या सैनिकाला आपण विकृत म्हणत नाही, जखमी म्हणतो. मग मनाला घाव बसलेल्याला निराळा न्याय का, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. रुग्णांच्या तोंडून ऐकलेल्या कथा होमरच्या 'इलियड' या महाकाव्याशेजारी ठेवून वाचताना त्यांना आढळले की, अकिलीजच्या क्रोधाचा आरंभ शत्रूपासून झालेला नाही. त्याचा सेनापती अगमेम्नॉन त्याच्या वाट्याचा मान हिरावून घेतो, आणि तेथून सारे बिघडत जाते. अधिकारपदावरील व्यक्तीने, जिवावरच्या प्रसंगी, जे न्याय्य त्याचा केलेला विश्वासघात हे डॉ. शे यांच्या मते नैतिक जखमेचे मूळ होय. त्यानंतर सैनिकाचे जग आकसत जाते; जिवलग सोबत्याचा मृत्यू होतो, त्याच्यासाठी रडण्यास उसंत मिळत नाही, आणि दबलेला शोक उन्मादाचे रूप घेतो. भीतीने माणूस खचतो हे खरे. परंतु त्याचे चारित्र्य मोडते ते विश्वास मोडल्यामुळे, हे या पहिल्या ग्रंथाचे सार आहे.

दुसरा ग्रंथ परतीच्या वाटेचा आहे. ओडिसियसला घरी पोहोचण्यास दहा वर्षे लागली. त्या प्रवासातील एकेका प्रसंगात डॉ. शे यांना घरी येऊनही न आलेल्या सैनिकाचे एकेक लक्षण दिसते. कमळ खाणाऱ्यांच्या देशात त्यांना अमली पदार्थांचा आश्रय दिसतो, तर मृतांच्या लोकातील भेटींत स्मृती व अपराधभाव. फिएशियनांच्या दरबाराचे प्रकरण आपल्या वाचकांनी अवश्य वाचावे. तेथे गवई ट्रॉयच्या युद्धाचे गीत गातो. सुखवस्तू श्रोते रंगून जातात, आणि ज्याची ती कथा आहे तो पाहुणा वस्त्रात तोंड झाकून रडतो. हे वाचताना स्वातंत्र्यदिनी किंवा प्रजासत्ताकदिनी मंडळीसमोर उभ्या केलेल्या माजी सैनिकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. टाळ्या होतात, शाल दिली जाते, युद्धातील एखादा थरारक प्रसंग सांगण्याची विनंती होते. त्या सत्काराचा हेतू चांगलाच असतो. परंतु कथा ऐकणे आणि माणसाचे ऐकणे यांत जे अंतर आहे, ते डॉ. शे यांनी फार स्पष्टपणे दाखविले आहे.

त्यांचा उपचारविषयक सिद्धांतही याच्याशी सुसंगत आहे. जखम समाजाच्या विश्वासघाताने झाली असेल, तर ती बंद खोलीतील तज्ज्ञाकडून एकट्याने भरून येणार नाही. ती विश्वसनीय माणसांच्या संगतीतच भरेल. ऐकणाऱ्याच्या अंगी ऐकण्याचे बळ असावे, त्याने नाकारू नये, दोष देऊ नये, आणि सांगणाऱ्याच्या दुःखाची थोडी झळ स्वतःला लागू द्यावी. या कार्यात मुख्य भूमिका सहसैनिकांची असून तज्ज्ञाने कडेला उभे राहावे, असे हा तज्ज्ञच म्हणतो. ख्रिस्ती मंडळीच्या स्वरूपाविषयी आपण जे शिकवितो त्याच्या हे इतके निकट आहे की, पुष्कळ पाळकांना हा ग्रंथ वाचून आनंदच होईल. त्या आनंदाच्या भरात परीक्षकवृत्ती सुटू नये, म्हणून पुढील तीन मुद्दे मांडावेसे वाटतात.

पहिला मुद्दा पवित्र शास्त्रासंबंधी आहे. शत्रूचा मान राखणे सैनिकाच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्यासाठी आवश्यक असते, हा डॉ. शे यांचा एक महत्त्वाचा निष्कर्ष. होमर ट्रॉयच्या वीरांनाही ग्रीकांइतकेच माणूस मानतो. उलट १ शमुवेल १७ मधील दावीद-गल्याथाच्या कथेत शत्रू केवळ तिरस्काराचा विषय होतो, आणि शत्रूला किड्यामुंगीसमान लेखण्याच्या वृत्तीची धार्मिक मुळे तेथे आहेत, असा त्यांचा आरोप आहे. हा आरोप झटकून टाकण्याजोगा नाही. आपल्या शब्बाथशाळांत ही कथा ज्या उत्साहाने शिकविली जाते, त्यात पलिष्ट्याच्या आईचा विचार कोणी करीत नाही. शौल व योनाथान यांच्यासाठी दावीदाने केलेला विलाप, किंवा अब्नेराच्या तिरडीमागून त्याचे चालणे, एवढ्यानेही उत्तर पुरे होत नाही, कारण तेथे मरणारे इस्राएलीच आहेत. खरे उत्तर अन्यत्र आहे. २ राजे ६ मध्ये अरामी सैन्य अलीशाच्या हाती सापडते तेव्हा तो त्यांचा वध होऊ देत नाही. त्यांना जेवू घालून परत पाठवितो. आणि शमुवेलाच्याच ग्रंथात, गल्याथाच्या कथेनंतर काही अध्यायांनी, एक परका सैनिक असा उभा केला आहे की त्याच्यापुढे राजा खुजा ठरतो. तो हित्ती उरीया.

डॉ. शे यांनी नैतिक जखमेची जी तीन लक्षणे सांगितली, ती २ शमुवेल ११ ला लावून पाहावीत. अधिकारपदावरील व्यक्ती : स्वतः राजा. जिवावरचा प्रसंग : राब्बाचा वेढा. न्याय्याचा विश्वासघात : तो तर एवढा पूर्ण की, स्वतःच्या मृत्यूचा हुकूम उरीया स्वतःच सेनापतीकडे वाहून नेतो. सोबती उघड्या रानात तळ देऊन असताना आपण घरी निजावे हे त्याला पटत नाही. राजाने मात्र घरी राहूनच सारे केले आहे. यवाब त्याला लढाईच्या ऐन तोंडाशी ठेवतो, आणि त्याच्याबरोबर इतरही सैनिक मरतात, ज्यांची नावेसुद्धा नाहीत. बातमी येताच राजा सेनापतीचे सांत्वन करतो की, तलवार कधी याला खाते, कधी त्याला. सैनिकांच्या हानीवर पांघरूण घालणारी भाषा किती जुनी आहे, हे येथे दिसते. 'इलियड'च्या आधाराने जे सिद्ध केले ते आपल्या शास्त्रात इतक्या थेटपणे असताना ग्रंथकर्त्यांनी केवळ गल्याथावर थांबावे, ही त्यांच्या ग्रंथाची खरी उणीव आहे. अर्थात त्यात आपलाही दोष आहे. आपण तरी उरीयावर प्रवचन कधी करतो? तो अध्याय आपण दावीदाच्या पापाचा व पश्चात्तापाचा म्हणूनच वाचतो.

दुसरा मुद्दा याच धाग्याला जोडून येतो, आणि पाळकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डॉ. शे यांच्यानंतर 'नैतिक जखम' या संज्ञेचा अर्थ पालटला. २००९ मध्ये ब्रेट लिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी व्याख्या मांडली, तिच्यात भर पडला तो सैनिकाने स्वतः केलेल्या, थांबवू न शकलेल्या अथवा डोळ्यांनी पाहिलेल्या कृत्यांवर. विश्वासघात वरिष्ठाने केला की आपल्या मूल्यांचा भंग आपल्याच हातून झाला, हा तो भेद; डॉ. शे यांनीही २०१४ मधील एका लेखात तो नोंदविला आहे. दोन्ही जखमा खऱ्या आहेत, आणि पुष्कळदा एकाच माणसात दोन्ही असतात. पुढे मंडळ्यांनी व धर्मविद्यालयांनी हा विषय उचलला. २०१२ मध्ये रिटा नाकाशिमा ब्रॉक व गॅब्रिएला लेत्तीनी यांचा 'सोल रिपेअर' हा ग्रंथ आला, आणि त्याच वर्षी टेक्सासमधील ब्राइट धर्मविद्यालयात या कार्याचे एक केंद्र उघडले. हे कार्य अभिनंदनीयच आहे. परंतु अपराधभाव हा शब्द ऐकताच ख्रिस्ती पाळकाच्या मनात काय घडते, हे आपण प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. अपराधावर आपल्यापाशी औषध तयार असते. आपण ५१ वे स्तोत्र उघडतो, क्षमेचे आश्वासन देतो, प्रार्थना करतो, आणि काम झाले असे समजतो.

येथेच धोका आहे. समोर बसलेला माणूस दावीद आहे की उरीया, हे आपण विचारलेलेच नसते. ज्याला चुकीच्या हुकमाने मृत्यूच्या तोंडी दिले गेले, ज्याच्या तक्रारीची दाद लागली नाही, ज्याचे सोबती कोणाच्या तरी निष्काळजीपणाने गेले, त्याला पश्चात्ताप करावयास सांगणे म्हणजे उरीयाच्या हाती दावीदाचे स्तोत्र देणे होय. त्या स्तोत्राच्या परंपरेने आलेल्या मथळ्यात नाथान आहे, बथशेबा आहे; उरीया नाही. स्तोत्रकर्ता पाप कबूल करतो ते देवाविरुद्धचे, ज्याचा घात केला त्याचे नाव तो घेत नाही. पश्चात्तापी माणसासाठी ते अमोल स्तोत्र आहे. परंतु घात झालेल्या माणसाचे ते नव्हे. त्याच्यासाठी विलापाची स्तोत्रे आहेत : १३ वे, जवळच्या मित्राच्या विश्वासघाताने व्यथित झालेले ५५ वे, आणि शेवटपर्यंत अंधारातच राहणारे ८८ वे. शिवाय येथे पाळकाला नाथानाची भूमिका शिकावी लागते. नाथान उरीयाच्या घरी सांत्वनाला गेला नाही. तो राजाकडे गेला. अधिकाऱ्याला जाब विचारण्याचे काम अवघड असते, म्हणून पुष्कळदा आपण जखमी माणसालाच क्षमाशील होण्याचा उपदेश करून मोकळे होतो.

जो खरोखर दावीद आहे, त्याच्या बाबतीतही घाई उपयोगी नाही. प्राचीन मंडळीने या विषयाला वेळ दिला होता. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलने लिहिले की, युद्धातील वधाला पूर्वजांनी खून मानले नाही. तरीही ज्यांचे हात स्वच्छ नाहीत त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे, असा सल्ला देणे कदाचित बरे. १०६६ मधील हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मन बिशपांनी विजयी सैन्यालाच प्रायश्चित्त सांगितले : ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, ज्याला घायाळ केले पण तो मेला की जगला हे ठाऊक नाही, त्याच्यामागे चाळीस दिवस. गणना ३१ मध्येही लढाईहून आलेल्यांनी सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध व्हावे असे सांगितले आहे. मात्र तो अध्याय स्वतःच इतका क्रूर आहे की त्याचा दाखला संकोचानेच द्यावा लागतो. हे नियम आज जसेच्या तसे आणावेत असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यांच्यामागील जाण मोलाची आहे : युद्ध न्याय्य ठरले तरी योद्ध्याच्या मनावरचा भार आपोआप उतरत नाही, आणि तो उतरण्यास मंडळीच्या सहवासात काळ जावा लागतो. डॉ. शे यांनीही युद्धानंतरच्या सामुदायिक शुद्धिविधीची गरज प्रतिपादिली आहे. महाभारतकारांनाही हे ठाऊक होते. युधिष्ठिराला विजयात पराजय दिसतो. भाऊ, पत्नी, ऋषी त्याची घाईने समजूत घालू पाहतात, ती त्याला पटत नाही. आणि हे सारे ज्याच्या आरंभी येते ते शांतिपर्व अठरा पर्वांतील सर्वांत दीर्घ पर्व आहे.

तिसरा मुद्दा कुटुंबाचा. दुसऱ्या ग्रंथात पेनेलोपी आहे, टेलेमेकस आहे, माजी सैनिकांच्या बायकामुलांचे हालही आहेत. परंतु ते बहुतांशी परतलेल्या पुरुषाच्या नजरेतून दिसतात; वाट पाहणारीची स्वतःची जखम कोणती, याचा शोध गौण राहतो. आपल्याकडे तर हाच प्रश्न अग्रभागी येतो. जवानाची पत्नी वर्षातील बहुतेक महिने सासरी एकटी असते; मुलांची शाळा, सासूसासऱ्यांचे आजार, शेतीचे तंटे तिनेच निभावलेले असतात. निवृत्त होऊन पती घरी येतो तेव्हा हुकूम देण्याची त्याची सवय आणि घर चालविण्याची तिची सवय यांची गाठ पडते. लोक त्याला फौजी म्हणून मान देतात. तिला काय सोसावे लागते हे विचारण्याची रीत नाही. बथशेबेने पतीसाठी शोक केला, हे शास्त्र एका वाक्यात सांगते. तेवढे वाक्य तरी आपण विसरू नये. आणि जेथे मद्यपान वा मारहाण असेल तेथे पतीच्या जखमेविषयीच्या सहानुभूतीपायी पत्नीला सोसत राहण्याचा उपदेश करणे हा दुसरा विश्वासघात ठरेल. प्रथम तिची व मुलांची सुरक्षितता, समुपदेशन त्यानंतर.

यापलीकडे परिस्थितीतील भेदही ध्यानी घ्यावा लागेल. व्हिएटनाममधील अमेरिकन सैनिक साधारण एका वर्षाच्या मुदतीने, बहुधा एकटा जाई आणि एकटाच परते. त्यांपैकी अनेकांची भरती सक्तीची होती. तुकडीची एकजूट राखण्यावर डॉ. शे यांचा जो भर आहे तो या अनुभवातून आला. भारतीय सैन्यात भरती स्वेच्छेची असते आणि पायदळाचा जवान सामान्यतः आपल्या पलटणीतच वाढतो. पलटण हे त्याचे दुसरे घर होते. म्हणून त्याचे एकाकीपण पलटण सुटल्यावर सुरू होते. शिपाई पुष्कळदा चाळिशीच्या आतच निवृत्त होतो, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील बहुसंख्य तरुण तर चार वर्षांनीच घरी परतावयाचे आहेत. एवढ्या तरुण वयात 'माजी' ठरलेल्या माणसाची व्यथा डॉ. शे यांच्या ग्रंथांत सापडणार नाही. तिचा अभ्यास आपल्यालाच करावा लागेल.

तो अभ्यास कसा करावा? १९२५ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयात अँटन बॉइसन यांनी धर्मविद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये ठेवून शिकविण्यास आरंभ केला. दुःखी माणसाला ग्रंथाइतक्याच आदराने वाचावे, ही त्यामागील दृष्टी होती. छावणीच्या गावातील पाळकास व धर्मशिक्षकास हीच पद्धत साधी आहे. माजी सैनिकाच्या घरी जावे, पुन्हा जावे, आणि प्रत्येक भेटीत उपदेश केलाच पाहिजे असे समजू नये. स्थळ, मोहीम, शस्त्रे यांची चौकशी करू नये; गोपनीयतेचे बंधन त्याच्यावर निवृत्तीनंतरही असते, आणि मनाचा भार ऐकण्यास त्या तपशिलाची गरज नसते. ऐकलेले प्रवचनात आणू नये, नाव गाळूनही नव्हे, कारण लहान मंडळीत नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो. गावातील दोन-तीन माजी सैनिक एकमेकांस भेटतील अशी जागा मंडळीच्या आवारात देता येते. ते आपल्या धर्माचे असलेच पाहिजेत असेही नाही. झोप उडालेली असेल, दारू वाढली असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे निघत असेल, तर पाळकाने एकट्याने भार वाहू नये. अशा वेळी स्पष्टपणे विचारावे, एकटे सोडू नये आणि वैद्यकीय मदत मिळवावी. २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक सर्वांस खुला आहे. योग्य ठिकाणी पाठविणे हेही पाळकीय काम आहे. मात्र पाठविल्यावर आपण भेटी थांबवू नयेत.

एकंदरीत, डॉ. शे यांचे हे दोन्ही ग्रंथ आपल्या धर्मविद्यालयांच्या ग्रंथालयांत असावेत आणि समुपदेशनाच्या वर्गात वाचले जावेत, असे नि:शंकपणे म्हणावेसे वाटते. त्यांतील शास्त्रविषयक मत जसेच्या तसे स्वीकारू नये. पण त्याने लागलेला ठसका उपकारक आहे, कारण त्यामुळे आपण आपलाच ग्रंथ पुन्हा उघडतो. तो उघडल्यावर आढळते की, २ शमुवेल २३ मधील शूर पुरुषांची यादी उरीयाच्या नावाने संपते. आणि मत्तय जेव्हा प्रभू येशूची वंशावळ लिहितो तेव्हा शलमोनाच्या आईचे नाव न सांगता ती उरीयाची पत्नी होती एवढेच नमूद करतो. राजाने जे नाव पुसू पाहिले, ते शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर राहिले आहे. आपल्या मंडळीतील अशा माणसांची नावे आपल्यालाही ठाऊक असावीत, इतकी अपेक्षा तरी या अभ्यासातून पुरी व्हावी.